२६ इनिंग्ज, १–१ आणि निकाल नाही: १ मे १९२० च्या ब्रुकलिन–बोस्टन सामन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलचा विषय निघाला की मी हटकून हाच सामना काढतो, आणि ऐकणारे हटकून तेच ते प्रश्न विचारतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमध्ये शिरायला यापेक्षा चांगलं दार नाही, असं माझं मत आहे. कारण हा सामना दिवसभराची कसोटी वाटावी असा आहे, फक्त चार तासांच्या आत उरकलेला.

एका दमात सांगा, झालं काय?

१ मे १९२०, शनिवार. स्थळ बोस्टनचं ब्रेव्हज फील्ड. (आपला महाराष्ट्र दिन व्हायला अजून चाळीस वर्षं होती, पण तारीख लक्षात ठेवायला सोपी.) नॅशनल लीगमधला (अमेरिकेतल्या दोन अव्वल लीगपैकी एक, दोन्ही मिळून मेजर लीग) साधा साखळी सामना, ब्रुकलिन रॉबिन्स विरुद्ध बोस्टन ब्रेव्हज. दुपारी तीनला सुरू झाला. नऊ इनिंग्जनंतर १–१. मग दहावी, अकरावी, पंधरावी, विसावी... सव्वीस इनिंग्ज झाल्या तरी १–१. शेवटी अंधार पडायला लागला म्हणून अंपायरने खेळ थांबवला. आणि ब्रुकलिनच्या लिऑन कॅडोरने आणि बोस्टनच्या जो ओश्गरने, दोघांनीही, पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने पिचिंग केलं.

इनिंगनिहाय धावफलक असा:

ब्रुकलिन: ००० ०१० ००० ००० ००० ००० ००० ००० ०० — १
बोस्टन: ००० ००१ ००० ००० ००० ००० ००० ००० ०० — १

एवढी शून्यं मी एरवी फक्त सरकारी योजनांच्या आकड्यांत पाहिली आहेत.

मला बेसबॉल ओ की ठो कळत नाही. तरी समजेल का?

समजेल. पिचर म्हणजे बोलर, पण टप्पा न टाकता थेट फेकणारा. त्याचं अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा थोडं कमीच. एका संघाचे तीन गडी बाद झाले की त्याची बॅटिंग संपली, मग दुसऱ्या संघाचे तीन. दोन्ही मिळून एक इनिंग. अशा नऊ. नवव्याला बरोबरी असेल तर कुणीतरी पुढे जाईपर्यंत एकेक इनिंग वाढवत राहायचं. बॅटरने चेंडू मारून पहिला, दुसरा, तिसरा असे बेस ओलांडत घरी, म्हणजे होम प्लेटवर, परत यायचं. आला की एक रन. अर्ध्या वाटेत अडकून पडला तर काही नाही, तो शून्यच.

नेहमीच्या सामन्यात एका संघाला सत्तावीस गडी बाद करावे लागतात. कॅडोर आणि ओश्गरने प्रत्येकी अठ्ठ्याहत्तर केले. कसोटीत दोन्ही डाव धरून विरुद्ध संघाचे गडी वीसच असतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. क्रिकेटमध्ये षटक संपलं की दुसऱ्या टोकाने दुसरा बोलर येतो. इथे टोक एकच आणि पिचर एकच. बदलला तर बदलला, आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही.

ते दोन रन तरी कसे झाले?

पाचव्या इनिंगमध्ये ब्रुकलिनचा कॅचर (म्हणजे विकेटकीपर) एर्नी क्रूगर चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिल्या बेसवर गेला, दुसऱ्यावर सरकला आणि आयव्ही ओल्सनच्या फटक्यावर घरी आला. सहाव्यात बोस्टनच्या वॉल्टन क्रूझने तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा मोठा फटका मारला आणि टोनी बेकलच्या हिटवर (बॅटरला सुखरूप बेसवर पोहोचवणारा फटका) तो घरी आला. त्याच इनिंगमध्ये रॅबिट मॅरनव्हिलने आणखी एक दणका दिला. बेकल जिवाच्या आकांताने घराकडे पळत सुटला आणि प्लेटवर बाद झाला. तो पोहोचला असता तर ओश्गर २–१ ने जिंकला असता, आणि आज हे पान लिहायला मी बसलो नसतो.

नवव्या इनिंगला संपण्याची काहीच संधी नव्हती?

होती ना, अगदी ताटात वाढलेली. नवव्यात बोस्टनचे तिन्ही बेस भरलेले, एकच गडी बाद. एक साधा उंच फटका पुरला असता. बॅटिंगला चार्ली पिक. त्याने चेंडू जमिनीवरून दुसऱ्या बेसपाशी उभ्या असलेल्या ओल्सनकडे मारला. ओल्सनने समोरून पळणाऱ्याला चेंडू लावला (असं शिवलं की तो बाद), तसाच पहिल्या बेसकडे फेकला, दोन बाद, इनिंग खलास.

पिकचा त्या दिवसाचा हिशेब सांगण्यासारखा आहे. अकरा वेळा बॅटिंग, शून्य हिट. एका सामन्यातला असा विक्रम कुणी हौसेने करत नाही. नऊ इनिंग्जच्या सामन्यात वाईट दिवस चार-पाच वेळा बाद होऊन संपतो. पिकला मात्र त्याच जखमेवर मीठ चोळून घ्यायला पुन्हा पुन्हा मैदानात उतरावं लागलं.

सतराव्या इनिंगबद्दल सगळे का बोलतात?

कारण ब्रुकलिन तेव्हा सर्वांत जवळ पोहोचलं होतं. आता हे सावकाश वाचा, कारण सगळं काही सेकंदांत घडलं.

बेस भरलेले. तिसऱ्यावर झॅक व्हीट, दुसऱ्यावर एड कोनेची. एक गडी बाद. बॅटर रावडी एलियट, जो मध्येच क्रूगरच्या जागी कॅचर म्हणून आला होता. एलियटने चेंडू थेट पिचरकडेच मारला. ओश्गरने तो उचलून घरी फेकला. बेस भरलेले असले की पळणाऱ्याला पळावंच लागतं, त्यामुळे कॅचरला त्याला हात लावायचीही गरज नसते. चेंडू हातात आणि पाय प्लेटवर, बस. व्हीट बाद. बोस्टनचा कॅचर हँक गाउडीने लगेच पहिल्या बेसकडे चेंडू भिरकावला, एलियटलाही टिपायला. तिथे वॉल्टर होल्कीच्या हातून तो नीट पकडला गेला नाही.

तेवढ्यात कोनेची तिसऱ्या बेसवर न थांबता घराकडे सुटला होता. होल्कीने घाईत परत फेकलेला चेंडू थोडा बाजूला आला. गाउडीने तो पकडला आणि प्लेटवर आडवी उडी मारून, कोनेचीच्या खिळेदार बुटांसमोर स्वतःला झोकून, त्याला चेंडू लावला. बाद. क्रिकेटच्या भाषेत एकाच चेंडूवर दोन रनआउट, दोन्ही एकाच टोकाला.

हा गाउडी म्हणजे पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती झालेला मेजर लीगचा पहिला खेळाडू. बुटाच्या खिळ्यांना तो घाबरणार कशाला?

दोघंच पिचर का? बदली माणसं नव्हती का?

होती. दोन्ही संघांनी कॅचरसुद्धा बदलले. पण तेव्हाची समजूत वेगळी होती. ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो संपवायचा, आणि त्याला उतरवणं म्हणजे तो मार खातोय अशी कबुली. इथे मार कुणीच खात नव्हतं. शून्यावर शून्य टाकणाऱ्या माणसाला ‘आता बस’ कसं म्हणणार? आणि माझा अंदाज असा की, एका टप्प्यानंतर प्रश्न संघाचा उरलाच नव्हता. समोरचा उभा आहे तोवर मी बसणार नाही, एवढंच शिल्लक होतं.

दोघांना एकमेकांची सवयही होती. याच एप्रिलमध्ये ते समोरासमोर आले होते आणि ब्रुकलिनने ११ इनिंग्जमध्ये १–० असा विजय मिळवला होता. त्याआधीच्या वर्षी, ३० एप्रिल १९१९ रोजी, ओश्गर फिलाडेल्फियाकडून ब्रुकलिनविरुद्धच २० इनिंग्ज पिचिंग करत होता. तो सामना ९–९. टायचं आणि या गृहस्थाचं काहीतरी जुनं नातं असावं.

ओश्गर आणि कॅडोरपैकी भारी कोण?

आकडे ओश्गरच्या बाजूने बोलतात. त्याने फक्त ९ हिट दिल्या, कॅडोरने १५. दोघांनीही सात-सात बॅटर स्ट्राइकआउट (तीनदा चुकल्यामुळे बाद) केले. पाचव्या इनिंगनंतर ओश्गरने सलग एकवीस इनिंग्ज एकही रन दिला नाही.

एकवीस हा आकडा वाचून मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी, जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस निर्धाव षटकं. तुलना तंतोतंत नाही, कबूल, पण समोरच्याला कंटाळा आणण्याची जिद्द तीच.

तरी मी कॅडोरला थोडं झुकतं माप देतो. पंधरा हिट खाऊन, दर दुसऱ्या इनिंगला कुणीतरी बेसवर उभा असताना एकच रन देणं जास्त अवघड. ओश्गरने आग लागू दिली नाही, कॅडोर दिवसभर विझवत राहिला.

एकूण किती चेंडू टाकले?

त्या काळी पिचरचे चेंडू मोजायची पद्धतच नव्हती. आज शंभरीच्या आसपास चेंडू झाले की डगआउटमध्ये चुळबुळ सुरू होते. त्या दिवशी दोघांनी त्याच्या कितीतरी पट टाकले असणार, हे अठ्ठ्याहत्तर गड्यांवरूनच कळतं. वर दोघं बॅटिंगही करत होते, कारण तेव्हा पिचरलाही बॅट घेऊन उभं राहावं लागे.

पण रन होत का नव्हते? बॅटर इतके टाकाऊ होते?

नाही. ब्रुकलिनने त्याच वर्षी नॅशनल लीग जिंकली आणि झॅक व्हीट पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. कारण काळाचं आहे. तेव्हा एकच चेंडू मळून, मऊ पडून, काळपट होईपर्यंत वापरला जायचा. ढगाळ संध्याकाळी असा चेंडू दिसायचाही नीट नाही. शिवाय ब्रेव्हज फील्ड अवाढव्य होतं. दोन्ही बाजूंच्या रेषांवरसुद्धा कुंपण चारशे फुटांच्या आसपास. १९१५ मध्ये मैदान उघडलं, पण डाव्या कुंपणावरून चेंडू बाहेर जायला १९२५ उजाडलं. या सव्वीस इनिंग्जमध्ये एकही होमरन (कुंपणापार फटका) नाही, यात नवल नाही.

गंमत पुढे आहे. त्याच दिवशी, म्हणजे १ मे १९२० लाच, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेब रूथने यांकीजकडून आपला पहिला होमरन मारला. त्या मोसमात त्याने ५४ मारले. बोस्टन ब्रेव्हजच्या अख्ख्या संघाला त्याच्या निम्मेही जमले नाहीत. थुंकी लावून चेंडू वळवण्यावर त्याच वर्षी बंदी आली होती (जुन्या सतरा पिचरना तेवढी सूट मिळाली). ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्यावर चेंडू लागून मृत्यू पावला, आणि त्यानंतर अंपायर मळका चेंडू चटकन बदलायला लागले. म्हणजे एका शहरात जुना बेसबॉल अंधारात चाचपडत होता आणि रेल्वेने काही तासांवरच्या दुसऱ्या शहरात नवा बेसबॉल छपरावरून बाहेर जात होता. कुणाला तेव्हा पत्ता नव्हता.

सव्वीस इनिंग्ज फक्त ३ तास ५० मिनिटांत? छापण्यात चूक असेल.

चूक नाही. जाहिरातींसाठी थांबायचं नाही, पिचर बदलायचा नाही, बॅटर हातमोजे सोडून-बांधून तीन फेऱ्या मारत नाही. पिचरला चेंडू मिळाला की तो फेकायचा. २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावल्यावर नऊ इनिंग्जचा सामना सरासरी २ तास ४० मिनिटांवर आला, आणि लोकांना तो फार झटपट वाटू लागला!

थांबवला कुणी आणि कसा?

अंपायर बॅरी मॅककॉर्मिकने, सातला दहा मिनिटं असताना. फ्लडलाइट नव्हते, मेजर लीगमध्ये दिव्यांखालचा पहिला सामना सिनसिनाटीला १९३५ मध्ये झाला. ब्रुकलिनचा ओल्सन मात्र मॅककॉर्मिकच्या मागे लागला होता की आणखी एक, फक्त एक इनिंग खेळू दे. कारण सत्तावीस झाल्या असत्या तर बरोबर तीन सामने एका दिवसात खेळलो असं सांगता आलं असतं. मॅककॉर्मिकने आकाशाकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. ओल्सनची हौस मला पटते. आपल्याकडेही गल्लीत दिवेलागणीला ‘शेवटची ओव्हर’ किती वेळा व्हायची, आठवून बघा.

मग हा टाय धरायचा की ड्रॉ?

स्कोअर सारखा म्हणून टाय. पण आपल्या हिशेबाने पाहिलं तर अपुऱ्या प्रकाशामुळे सुटलेला, म्हणजे ड्रॉच्या जवळचा. गुणतक्त्यात तो कुणाच्याच खात्यात जिंकलेला-हरलेला नाही. खेळाडूंचे वैयक्तिक आकडे मात्र सगळे धरले गेले, पिकचे अकरा शून्यसुद्धा. बरोबरीत राहिलेला सामना तेव्हा पुन्हा पहिल्यापासून खेळवत.

दुसऱ्या दिवशी सगळे झोपून राहिले असतील?

बोस्टनवाले राहिले असतील. ब्रुकलिनचं नशीब फुटकं. रविवारी बोस्टनमध्ये व्यावसायिक बेसबॉलला कायद्याने बंदी होती, ती १९२९ पर्यंत राहिली. न्यूयॉर्कने मात्र १९१९ मध्ये परवानगी दिली होती. म्हणून ब्रुकलिनच्या संघाने बोस्टनहून गाडी पकडून घर गाठलं आणि रविवारी फिलाडेल्फियाशी खेळायला उभा राहिला. (फिलाडेल्फियालाही रविवारी घरी खेळता येत नसे, पेनसिल्व्हेनियाचा कायदा तसाच.) तो सामना लांबला तेरा इनिंग्जपर्यंत, आणि ब्रुकलिन ४–३ असं हरलं.

सोमवारी परत बोस्टन. परत तेच दोन संघ. आणि परत लांबण: एकोणीस इनिंग्ज! बोस्टनने २–१ असा सामना जिंकला. दोन्ही पिचरनी याही वेळी सामना एकट्याने ओढला, बोस्टनकडून डेना फिलिंगिम आणि ब्रुकलिनकडून शेरी स्मिथ.

तीन दिवस, अठ्ठावन्न इनिंग्ज, विजय शून्य. माझ्या मते २६ इनिंग्जच्या सामन्यापेक्षा हा सोमवार जास्त दर्दभरा आहे, पण इतिहास सोमवारांची दखल घेत नाही. तरीही शेवटी लीग जिंकली ब्रुकलिननेच. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत, मात्र क्लीव्हलंडने त्यांना ५–२ असं हरवलं. बोस्टन आठ संघांत सातवं राहिलं.

त्या दोघांचे हात कायमचे गेले का?

असं समजणारे बरेच भेटतात, पण तसं झालं नाही. कॅडोरने पुढे सांगितलं होतं की तीन दिवस हात वर जाईना, केससुद्धा विंचरता येईनात. पण लवकरच तो पुन्हा पिचिंग करत होता आणि त्या मोसमात त्याने १५ सामने जिंकले. ओश्गरनेही तेवढेच, आणि १९२१ मध्ये तर २०. त्याच्या कारकिर्दीतला तोच सर्वोत्तम मोसम. पुढची वर्षं दोघांचीही उतरणीची गेली हे खरं, पण त्याचं खापर एका दुपारवर फोडता येत नाही. कॅडोर १९५८ मध्ये गेला. ओश्गर नव्वदी ओलांडून १९८६ पर्यंत जगला, आणि लोक त्याला शेवटपर्यंत त्या एकाच दिवसाबद्दल विचारत राहिले.

किती लोकांनी पाहिला?

साधारण चार हजारांनी. दिवस पावसाळी, गार, रिमझिम. आणि त्याच जानेवारीत दारूबंदी लागू झालेली, म्हणजे ऊब आणायला बिअरही नाही. रेडिओवरून मेजर लीगचा पहिला सामना ऑगस्ट १९२१ मध्ये पिट्सबर्गहून ऐकवला गेला. त्यामुळे हा सामना मैदानाबाहेर कुणी ऐकलाही नाही.

विक्रम अजून उभा आहे का?

मेजर लीगमध्ये इनिंग्जच्या हिशेबाने, हो. त्याआधीचा विक्रम १९०६ चा, २४ इनिंग्ज, तोही बोस्टनमध्येच. नंतर सर्वांत जवळ आलेल्यांपैकी एक १९८४ चा शिकागो व्हाइट सॉक्स–मिलवॉकी सामना: २५ इनिंग्ज, दोन दिवसांत मिळून ८ तास ६ मिनिटं. वेळेच्या बाबतीत तो पुढे आहे.

खालच्या पायरीवरच्या मायनर लीगमध्ये मात्र ३३ इनिंग्ज झाल्या आहेत, १९८१ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला. बत्तीस इनिंग्जनंतर पहाटे चार वाजून सात मिनिटांनी खेळ थांबवला तेव्हा स्टँडमध्ये एकोणीस माणसं उरली होती. जूनमध्ये उरलेली एक इनिंग अठरा मिनिटांत आटोपली. तोही सामना मोठा गमतीचा आहे, पण तो वेगळ्या पानाचा विषय.

पुढे कधी मोडेल?

मला वाटत नाही. २०२० पासून साखळी सामन्यात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक माणूस आयताच उभा करतात, म्हणजे रन लवकर व्हावा. प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) हा नियम नाही, पण तिथेही मजल अठरा इनिंग्जपर्यंतच गेली आहे. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स आणि बोस्टन रेड सॉक्स अठरा इनिंग्ज खेळले. सात तास वीस मिनिटं, आणि दोन्हीकडचे मिळून अठरा पिचर वापरले गेले. हे डॉजर्स म्हणजे आमचे ब्रुकलिन रॉबिन्सच, नाव बदलून १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाला गेलेले. ब्रेव्हजही १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेले.

ते मैदान आता बघता येतं का?

येतं, अर्धवट. बोस्टन युनिव्हर्सिटीने जागा घेतली आणि तिथे आता निकरसन फील्ड आहे. उजव्या बाजूच्या जुन्या स्टँडचा तुकडा शिल्लक आहे, आणि तिकिटांची जुनी इमारतही. तिच्यात आता विद्यापीठाचे पोलीस बसतात. मी गेलो तेव्हा मुलं सॉकरचा सराव करत होती. जुन्या स्टँडच्या काँक्रीटवर बसून मी होम प्लेट कुठे असेल याचा अदमास घेत होतो, तो चुकीचाच असणार. ढग भरून आले होते. सव्वासहा-साडेसहाला चेंडू नीट दिसेनासा झाला तसं कुणीतरी खटका दाबला, खांबांवरचे दिवे भकभकत लागले, आणि मुलं न थांबता खेळत राहिली.